उंदरांच्या औषधाचं कंत्राट देण्याआधी

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीत उंदरांच्या औषधाचा विषय निघतोच. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहत असाल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी एवढंच विचारा: वडीत काय आहे? उत्तर ‘ब्रोमाडिओलोन’ आलं, तर नको म्हणा. या विषाने रक्त गोठायचं थांबतं, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. असा आयता उंदीर गव्हाणी घुबड उचलतं, मांजर खातं, आणि उंदराच्या यकृतात साठलेलं विष त्यांच्या पोटात जातं. म्हणजे फुकटात उंदीर मारणाऱ्यालाच आपण मारतो!

त्याऐवजी पिंजरे लावायला सांगा (गोंदाचे बोर्ड नकोत, त्यांना पाली नि चिमण्याही चिकटतात). डक्टमधल्या पाइपांभोवतीची भोकं बारीक जाळी कोंबून सिमेंटने बुजवा. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं हवीतच. हे सगळं कमिटीच्या ठरावात लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी नवा सेक्रेटरी पुन्हा त्याच वड्या आणतो.

कुत्र्याने वडी खाल्लीच, तर लक्षणांची वाट न बघता वडीचं पाकीट घेऊन प्राण्यांचा डॉक्टर गाठा. यावर व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे.