‘एक्झुबरंट’ की ‘एबुलियंट’? उत्साहाचे दोन इंग्रजी शब्द कसे ओळखावेत आणि कसे वापरावेत

माझ्या भाचीच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई निवृत्त होणार होत्या आणि निरोपाचं भाषण तिच्याकडे आलं होतं. भाषण इंग्रजीतून करायचं होतं. एका संध्याकाळी ती वही घेऊन आमच्या इंदूरमधल्या राजेंद्रनगरच्या घरी आली. बाईंच्या उत्साहाबद्दल लिहिताना तिला शब्दकोशात दोन शब्द सापडले होते, एक्झुबरंट आणि एबुलियंट. “मावशी, दोन्हीसमोर ‘उत्साही’च तर लिहिलंय. कोणता लावू?”

प्रश्न रास्त होता. ‘उत्साही’ हा अर्थ चुकीचा नाही, पण तेवढ्यावर थांबलं तर दोन शब्द एकच वाटतात आणि मग माणूस दिसायला भारदस्त असेल तो उचलतो. त्या संध्याकाळी आम्ही ज्या क्रमाने गेलो, तोच इथे देते आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना आणि नोकरीत इंग्रजी लिहावं लागणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पायरी १ : आधी दूध डोळ्यासमोर आणा

हे दोन्ही शब्द लॅटिनमधून आले आणि दोघांच्या मुळाशी असलेलं चित्र आपल्याला दुधातून दिसतं. लॅटिनमध्ये ‘ऊबर’ म्हणजे गाईची कास, आणि तोच शब्द सुपीक, भरघोस या अर्थानेही चालतो. त्यावरून एक्झुबरंट झाला. संस्कृतात कासेला ‘ऊधस्’ म्हणतात. हे संस्कृत ऊधस्, लॅटिन ऊबर आणि इंग्रजी ‘अडर’ एकाच आदिम शब्दाची लेकरं आहेत. म्हणजे एक्झुबरंट शब्दात भरलेली कास आहे, पान्हा फुटलाय आणि दूध मावत नाही. कोणी तापवलं नाही, ढवळलं नाही. आतलं भरपूरपण बाहेर येतंय.

एबुलियंटचं मूळ ‘बुल्ला’, म्हणजे बुडबुडा. त्यावरून लॅटिनमध्ये उकळण्याचा शब्द झाला आणि इंग्रजी ‘बॉइल’ही त्याच घराण्यातला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एबुलियंट इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ अक्षरशः ‘उकळणारा’ असाच होता. माणसाच्या स्वभावाला तो नंतर लागला. रसायनशास्त्रात द्रावणाच्या उत्कलनांकावरून रेणुभार काढण्याच्या पद्धतीला आजही एबुलिओस्कोपी म्हणतात. रात्री इथल्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रबडीच्या कढईसमोर उभं राहिलं की हा शब्द दिसतो : खाली आच, वर बुडबुडे, सगळा पृष्ठभाग हलता.

एकात दूध कासेत मावत नाही, दुसऱ्यात ते चुलीवर उकळतंय. एवढं चित्र पक्कं झालं की निम्मं काम झालं.

पायरी २ : मराठी जोडीदार शोधा

इथे जरा थांबावं असं मला वाटतं, कारण आपल्या भाषेत या दोघांसाठी फार नेमके शब्द आहेत आणि आपण ते सोडून ‘उत्साही’ला धरून बसतो.

एक्झुबरंटसाठी ‘ओसंडून वाहणारा’, ‘उधाण आलेला’, ‘भरभरून’. झाडाझुडपांबद्दल असेल तर ‘माजलेलं’. पावसाळ्यानंतर रान माजतं, ते एक्झुबरंट. ‘माजणे’ या शब्दात जशी जरा अतिरेकाची छटा आहे तशी एक्झुबरंटमध्येही आहे. जखम भरताना वरचं मांस गरजेपेक्षा जास्त वाढलं तर वैद्यकीय इंग्रजीत त्या वाढीला एक्झुबरंट म्हणतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ च्या भाषणात शेअर बाजाराच्या संदर्भात ‘इरॅशनल एक्झुबरन्स’ हे दोन शब्द वापरले आणि जगभरचे बाजार घसरले. किमती आपल्या आधारापेक्षा जास्त वाढल्या असतील तर, ही शंका त्यात होती. तिथे एबुलियन्स चाललं नसतं. बुडबुड्यांनी खेळकरपणा कळला असता, बेसुमार वाढ कळली नसती.

एबुलियंटसाठी आपल्याकडे ‘आनंदाच्या उकळ्या फुटणे’ तयारच आहे. पण इथे एक फरक सांभाळायला हवा. मराठीत उकळ्या बहुतेक मनातल्या मनात फुटतात. चेहरा गंभीर ठेवूनही फुटू शकतात. एबुलियंट माणसाच्या उकळ्या वर दिसतात, त्याच्या बोलण्यात, हसण्यात, हातवाऱ्यांत. आतल्या आत खूश असलेल्या माणसाला एबुलियंट म्हटलं तर ती चूक आहे. भाचीला हे पटायला वेळ लागला. मी तिला तिच्याच आजोबांचं उदाहरण दिलं : नातीचा निकाल ऐकून ते नुसते पेपराची घडी घालतात. उकळ्या आहेत, एबुलियंट नाहीत.

पायरी ३ : झाड ठेवून बघा

आता कसोटी. ज्या वाक्यात शब्द घालायचा आहे, तिथे माणसाऐवजी झाड, वेल, रंग, नक्षी किंवा गर्दी ठेवून बघा. तरी वाक्य उभं राहत असेल तर एक्झुबरंट. बोगनवेल एक्झुबरंट असू शकते, एबुलियंट कधीच नाही. एबुलियंटला बहुधा बोलणारा, हसणारा जिवंत माणूस लागतो, किंवा त्याची मनःस्थिती, त्याचं बोलणं, त्याची विनोदबुद्धी.

रंगपंचमीला इथल्या राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग खेळणाऱ्यांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे इमारतींच्या गच्च्यांपर्यंत उडतात, पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी एक्झुबरंट. त्याच गर्दीतून रंगलेल्या कपड्यांनी घरी येऊन, चहा गार होईपर्यंत सगळ्यांना आपलं पाहिलेलं सांगत बसलेला काका एबुलियंट.

क्रिकेटमधलं उदाहरण मुलांना लगेच कळतं. ८ डिसेंबर २०११ रोजी इथल्या होळकर स्टेडियमवर वीरेंद्र सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ धावा केल्या, तेव्हा पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतली ती सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होती. ती खेळी एक्झुबरंट, कारण फटके थांबतच नव्हते. सामन्यानंतर खेळाडू मजेत, हसतखिदळत बोलत असतील तर त्यांची मनःस्थिती एबुलियंट.

पायरी ४ : दोन्ही लागू नसतील तर दोन्ही सोडा

जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना मैदानावर रडू आवरेना. १९९८-९९ च्या मोसमात याच संघाचे कर्णधार म्हणून बंगळुरूच्या त्याच मैदानावर ते अंतिम सामना हरले होते. त्या क्षणाला एक्झुबरंटही बसत नाही आणि एबुलियंटही. तिथे ऊर भरून आला होता. इंग्रजीत ‘ओव्हरव्हेल्म्ड’ म्हणावं.

आणि कोणी आभार किंवा स्तुतीचा नुसता पूर सोडत असेल तर तिसरा शब्द आहे, इफ्युसिव्ह, म्हणजे ओतणारा. भूगर्भशास्त्रात शांतपणे लाव्हा ओतणाऱ्या उद्रेकांना हाच शब्द लावतात. आपल्या माळव्याची काळी माती ज्या बसाल्टची आहे तो बहुतांशी असाच ओतला गेलेला.

अर्जात किंवा बायोडेटात स्वतःबद्दल यातलं काहीच लिहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे साधं ‘एन्थुझियास्टिक’ पुरतं. हे दोन शब्द दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरावेत असे आहेत. गप्पांमध्येही एबुलियंट पुस्तकी वाटतो. तिथे ‘बबली’ म्हणा, त्यातही बुडबुडाच आहे.

पायरी ५ : उच्चार आणि स्पेलिंग

एक्झुबरंट बोलताना ‘इग्-झ्यू-बरंट’, जोर ‘झ्यू’वर. एबुलियंट बोलताना ‘इ-बुल्-यंट’ किंवा ‘इ-बल्-यंट’, दोन्ही चालतात, जोर मधल्या ‘बुल्’ किंवा ‘बल्’वर.

स्पेलिंगमध्ये एक्झुबरंटच्या एक्सनंतर एच लिहिण्याची चूक फार होते, कारण एक्झिबिशन आणि एक्झॉस्टमध्ये तो असतो. इथे नाही, एक्सनंतर थेट यू. एबुलियंटमध्ये एल दोन. शेवट मात्र एकाचा ए-एन-टी आणि दुसऱ्याचा आय-ई-एन-टी. हे घोकायची गरज नाही, कारण आहे : लॅटिनमध्ये पहिल्याचं क्रियापद ‘-आरे’ने संपतं, दुसऱ्याचं ‘-ईरे’ने, आणि तेच स्वर इंग्रजीत उतरले.

हे सगळं झाल्यावर भाचीला विचारलं, बाई वर्गात यायच्या तेव्हा काय व्हायचं ते सांग. ती म्हणाली, बाई दारातूनच बोलत यायच्या, कवितेची ओळ म्हणायच्या, स्वतःच हसायच्या, शेवटच्या तासाला झोपाळलेली मुलं उठून बसायची. झाडाची कसोटी लावायचीही गरज पडली नाही. तिने वहीतला एक्झुबरंट खोडला आणि त्या जागी लिहिलं : “हर एबुलियंट व्हॉइस मेड द लास्ट पीरियड फील लाइक द फर्स्ट.” मग दोन एल आहेत ना, ते बोट ठेवून एकदा मोजलं.