वावराचा नकाशा आलेखकागदावर दुप्पट कसा करायचा

समजा वावर ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद आहे. ४,००० चौरस मीटर, म्हणजे एकराला जरासं कमी. १ सेमी = २० मीटर धरलं तर आलेखकागदावर ४ × २.५ सेमीचा आयत येतो: अ(१, १), ब(५, १), क(५, ३.५), ड(१, ३.५). एवढ्याशा जागेत धुरे, नाली, विहीर दाखवता येत नाही, म्हणून तो दुप्पट करायचा.

सोपी रीत आरंभबिंदूपासूनची, म्हणजे (०, ०) पासूनची. प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही निर्देशकांना, म्हणजे कंसातल्या दोन्ही आकड्यांना, २ ने गुणा: (२, २), (१०, २), (१०, ७), (२, ७). आयत ८ × ५ सेमीचा झाला, कोन तेच राहिले. पुष्कळ मुलं इथे गुणायच्या ऐवजी २ मिळवतात. मग (३, ३), (७, ३) असे कोपरे येतात आणि आयत जेवढा होता तेवढाच राहून नुसता सरकतो. एकाच निर्देशकाला गुणलं तर तो एकाच बाजूने ताणला जातो. ८ × २.५ चा तो आयत मूळ आयताशी समरूप नसतो, म्हणजे त्याचा आकार तोच राहत नाही.

आता विहीर (२, २) वर आहे आणि ती जागची हलू द्यायची नाही. मग विहिरीलाच केंद्र धरा. आधी कोपऱ्यातून विहिरीचे निर्देशक वजा करा, उत्तराला २ ने गुणा, विहिरीचे निर्देशक परत मिळवा. अ साठी: (−१, −१), मग (−२, −२), मग (०, ०). ब साठी: (३, −१), (६, −२), (८, ०). याच रीतीने क (८, ५) वर आणि ड (०, ५) वर जातो. शेवटचं मिळवणं हमखास राहून जातं. अशा वेळी माप ८ × ५ च येतं, त्यामुळे चूक नजरेत भरत नाही. पण अ (−२, −२) वर जातो आणि विहीर आयतात भलत्याच जागी दिसते.

पडताळायला पट्टी पुरते. विहीर, जुना कोपरा, नवा कोपरा एका रेषेत हवेत, आणि नव्याचं विहिरीपासूनचं अंतर जुन्याच्या दुप्पट.

बाजू दुप्पट झाल्या तरी कागदावरचं क्षेत्रफळ चौपट होतं: १० चौरस सेमीचे ४०. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेलं प्रमाण खोडून १ सेमी = १० मीटर लिहा. जुनंच ठेवलं तर वावर १६० × १०० मीटरचं दिसेल, म्हणजे एकराचे कागदावरच जवळपास चार एकर.