आत २० अंश, फरशीखाली बर्फ: हिवाळ्यात कॅरॅव्हॅन-मोटरहोमने फिरताना या चुका टाळा

कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) असो की मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेलं), थर्मोस्टॅट भिंतीवर छातीच्या उंचीला बसवलेला असतो. तो २० अंश दाखवत असतो तेव्हा पलंगाखालच्या खणात ४ अंश असू शकतात आणि फरशीखालच्या सांडपाण्याच्या नळीत उणे ३. थंडीत गाडी अडते ती बहुतेक वेळा या दोन जागांपैकी एकीत. म्हणून हीटर किती किलोवॅटचा घ्यावा याचा काथ्याकूट करण्याआधी लांब वायरचा सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एकाचा सेन्सर पाण्याच्या पंपाशेजारी ठेवा, दुसऱ्याचा सांडपाण्याच्या टाकीजवळ. पुढच्या बऱ्याच चुका आकडे बघूनच लक्षात येतील.

सिलिंडर जड आहे, पण हीटर पेटून विझतो

सिलिंडर हलवला की आत द्रव डुचमळतो. म्हणजे गॅस आहे. तरी ज्योत बारीक होत होत विझते. मग लोक हीटर उघडतात, फ्यूज बदलतात, नोझल साफ करतात. दोष बहुधा ब्युटेनचा असतो. ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ ला. पारा शून्याच्या आसपास आला की ब्युटेन द्रवच राहतो, नळीत पुरेसा दाबच येत नाही. मिश्र गॅसची आणखी एक खोड आहे: त्यातला प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्युटेन साचत जातो. त्यामुळे पहिल्या रात्री झकास चाललेला सिलिंडर तिसऱ्या रात्री निम्मा भरलेला असतानाच दगा देतो. थंडीसाठी शुद्ध प्रोपेनच घ्या. सिलिंडरला ज्योत दाखवणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं किंवा तो उबेसाठी आत आणून ठेवणं यातलं काहीही करू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो.

प्रोपेन असूनही ज्योत हळूहळू बारीक होत असेल, आणि अर्धा तास बंद ठेवल्यावर पुन्हा नीट पेटत असेल, तर दोन शक्यता. सिलिंडरच्या अंगावर हिमाचा पांढरा पट्टा चढलेला दिसला तर लहान सिलिंडरमधून एकाच वेळी फार गॅस ओढला जातोय. वायू होताना द्रव स्वतःच गार पडत जातो. मोठा सिलिंडर लावा किंवा खेच कमी करा. पट्टा नसेल तर गॅसमधली ओल रेग्युलेटरच्या बारीक छिद्रात गोठत असावी. त्यासाठी १२ व्होल्टवर चालणारा रेग्युलेटर-हीटर मिळतो. रेग्युलेटरवर कपडा गुंडाळून फारसा फरक पडत नाही.

हिशेब आधी करून ठेवा. एक किलो प्रोपेनमधून जवळपास १३ युनिट उष्णता मिळते. ४ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरावर ताशी ३०० ग्रॅमच्या वर गॅस खातो, म्हणजे ११ किलोचा सिलिंडर सलग चालवला तर सुमारे ३५ तास. एरवी हीटर मधूनमधून बंद होतो, पण कडाक्याच्या थंडीत त्याला फारशी उसंत मिळत नाही. सिलिंडर पहाटे तीनलाच संपतो, असा अनुभव सगळ्यांचा आहे. दोन सिलिंडर आणि आपोआप बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्या वेळी अंथरुणातून उठावं लागत नाही.

टाकी रिकामी केली म्हणजे झालं?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. टाकीला त्याने फारसं काही होत नाही, तिच्यात जागा असते. फुटतात ते पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी आणि सर्वात आधी मिक्सर नळाच्या आतलं कार्ट्रिज. नळ बंद ठेवला तर त्यात चमचाभर पाणी अडकतं, तेवढं पुरतं. चीर केसाएवढी असते, ती तेव्हा दिसत नाही. पुढे पाणी भरल्यावर सगळे नळ बंद असूनही पंप दर काही मिनिटांनी क्षणभर घुर्र करून थांबतो. असा आवाज आला की गळती शोधायला आधी मिक्सरखाली हात फिरवा, मग पंपाच्या जोडावर.

गाडी थंड पडू द्यायची असेल तर पाणी असं काढा:

१. टाकी आणि बॉयलर दोन्हींचे निचरा व्हॉल्व्ह उघडा.
२. सगळे नळ उघडा. मिक्सरचा दांडा मधोमध ठेवा, म्हणजे गरम आणि गार दोन्ही बाजू मोकळ्या होतात.
३. शॉवरचं डोकं काढून खाली सोडा, नळी झटका. टॉयलेटचा फ्लशही दाबा.
४. डायफ्रॅम पंप असेल तर तो १५-२० सेकंद कोरडा चालवा आणि मग बंद करा. पाण्यात बुडवायचा पंप मात्र कोरडा चालवू नका, बाहेर काढून आडवा ठेवा.
५. फिल्टरची वाटी काढून पुसून ठेवा.
६. नळ उघडेच राहू द्या.

उलट दिशेने, म्हणजे गार पडलेल्या गाडीत पाणी भरताना, हमखास होणारी चूक म्हणजे पोचल्या पोचल्या टाकी भरणं. पाणी बॉयलरमध्ये न थांबता खालून सांडतं आणि बॉयलर फुटला असं वाटतं. बहुतेकदा तो फुटलेला नसतो. ट्रुमा कॉम्बीसारख्या, हवा आणि पाणी दोन्ही तापवणाऱ्या हीटरना फ्रॉस्टकंट्रोल नावाचा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. त्याच्याजवळचं तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की तो स्वतःहून उघडतो आणि सुमारे ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय हाताने बंद होत नाही. कपड्याचा चिमटा लावून त्याचं बटण दाबून धरणारे महाभाग असतात. त्याने पाणी राहतं, पण बॉयलरचं रक्षण करणारा एकमेव भाग निकामी होतो. आधी तासभर हीटर चालवा, ज्या खणात व्हॉल्व्ह आहे त्याचं दार उघडं ठेवा, मगच पाणी भरा. रात्रीही ते दार किलकिलं असू द्या.

सांडपाण्याची टाकी फरशीखाली उघड्यावर असेल तर तिचा व्हॉल्व्ह बंद ठेवू नका. तो उघडा ठेवून खाली बादली लावा आणि रोज नेमून दिलेल्या जागी रिकामी करा. बादलीतला बर्फाचा गोळा उपडा करून काढता येतो, टाकीतला नाही. बादलीत दोन मुठी मीठ टाकलं तर गोठायला वेळ लागतो. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट इथे किंवा टॉयलेटमध्ये ओतू नका. त्यातला एथिलीन ग्लायकॉल विषारी असतो. लागलंच तर प्रोपिलीन ग्लायकॉलचं, पाण्याच्या व्यवस्थेसाठी बनवलेलं घ्या. बाहेरच्या नळाला जोडलेला पाइप रात्रभर तसाच सोडू नका. टाकी भरा, पाइप काढा, रिकामा करून गुंडाळा.

फटी बुजवणं

काचांना घाम फुटतो, गादीखाली ओल येते, आणि लोक वारा येणाऱ्या जागा बोळे कोंबून बंद करतात. ही या यादीतली सर्वात धोकादायक चूक. छतावरची कायमची भोकं आणि फरशीतल्या जाळ्या तिथे मुद्दाम ठेवलेल्या असतात: वरून ओलसर हवा जाते, खालून गळलेला गॅस. बाहेरच्या बाजूने गाडीभोवती बर्फाची भिंत रचली तरी याच जाळ्या बुजतात.

ओल येते कुठून? झोपेत श्वासातून, आणि शेगडीतून. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. धुराडं असलेल्या हीटरची वाफ बाहेर जाते, शेगडीची सगळी आत राहते. म्हणून ऊब यावी यासाठी शेगडी पेटवून ठेवणं दोन्हीकडून नुकसानीचं: भिंती भिजतात आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती. त्याचा अलार्म गाड्यांसाठीच्या युरोपीय मानकाचा, म्हणजे ईएन ५०२९१-२ चा घ्या. बर्फ पडत असेल तर झोपण्याआधी हीटरच्या धुराड्याभोवती हात फिरवून ते मोकळं आहे ना ते पाहा.

ओलीवर उपाय तसे साधे आहेत. गादी आणि पाठीच्या उशा भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे ओढा. गादीखाली फळ्यांची जाळी नसेल तर हवा खेळेल असा थर घाला. सकाळी दोन्ही बाजूंच्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडा. भिंती गार पडण्याआधी हवा बदलून होते. पुढच्या काचेवर आतून लावायच्या चांदीच्या पडद्यापेक्षा बाहेरून घालायचं आवरण चांगलं, कारण आतल्या पडद्यामागे काच गारच राहते आणि पाणी ठिबकत डॅशबोर्डखाली जातं.

बॅटरी आणि बाहेरची वीज

लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका. पेशींमध्ये धातूचं लिथियम जमा होऊन क्षमता कायमची कमी होते. चांगल्या बॅटरीचा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) अशा वेळी चार्जिंग थांबवतो. सोलर चालू दिसतंय पण बॅटरी भरत नाही, ही तक्रार बहुधा त्याचीच. बॅटरी गरम होणाऱ्या जागेत हलवा किंवा आधी हीटरने खण तापवा. शिसं-आम्लाची बॅटरी शून्याला जवळपास पाचवा हिस्सा क्षमता गमावते. पूर्ण उतरलेली असेल तर उणे १० च्या अलीकडेच गोठू शकते, भरलेली मात्र तिथे सुरक्षित राहते.

कॅम्पसाइटची जोडणी किती अँपिअरची आहे ते विचारा. २३० व्होल्टवर ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट. २ किलोवॅटची किटली लावली की ब्रेकर पडणारच, आणि तो खांबावर, बर्फात असतो. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून हीटर चालवू नका, आतले वेढे तापून वितळतात. २.५ चौरस मिलिमीटरची रबरी आवरणाची केबल थंडीतही मऊ राहते.

चाकं, ब्रेक, डिझेल

ओल्या रस्त्यावरून आल्यावर कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवला तर ब्रेक शू ड्रमला चिकटून गोठतात. सपाट जागी दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, नीट बसलेत याची खात्री करा, मगच ब्रेक सैल सोडा. कोपऱ्यांच्या टेकूंखाली लाकडी फळ्या घाला, नाहीतर ते जमिनीला चिकटतात.

टायरची हवा गार टायरवर, मुक्कामाच्या ठिकाणी तपासा. ७० पीएसआय भरलेल्या टायरची हवा तापमान २० अंशांनी उतरलं की ५-६ पीएसआयने कमी होते. साखळ्या इंजिन फिरवतं त्या चाकांना, आणि एकदा तरी उजेडात, कोरड्या जागी चढवून पाहिलेल्या.

सखल, उबदार भागात भरलेलं डिझेल डोंगरावर नेलं तर त्यातलं मेण सुटून फिल्टर बुजतो. डिझेलवर चालणारा हीटरही त्याच टाकीतून पितो, म्हणजे इंजिन आणि ऊब एकदमच जातात. चढणीआधी टाकी रिकामी होत आणा आणि वर हिवाळी डिझेल भरा.

निघण्याआधी

छतावरचा बर्फ मऊ झाडूने ओढून काढा. १० चौरस मीटरच्या छतावर १० सेंटीमीटर ओला बर्फ म्हणजे दोन-तीनशे किलो, शिवाय चालत्या गाडीवरून सुटलेला पापुद्रा मागच्याच्या काचेवर जातो. सोलर पॅनेलवर चिकटलेला बर्फ खरवडू नका. बाजूच्या खिडक्या अॅक्रिलिकच्या, म्हणजे प्लास्टिकच्या असतात: त्यांना स्क्रेपर लावला तर ओरखडे, अल्कोहोलचा डी-आयसर (बर्फ वितळवणारा फवारा) मारला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, गरम पाणी ओतलं तर थेट तडा. आतून हीटर चालू ठेवून वाट पाहा आणि रबराची पट्टी सुटली आहे ना ते चाचपूनच खिडकी ढकला.