फोर्क बदलताय? आधी फ्रेमकडे बघा

ट्रेल बाइकला (डोंगरवाटांवरच्या सायकलला) नवीन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा, घ्यायचा म्हटलं की सगळे पहिलं ट्रॅव्हलच, म्हणजे तो किती दबतो तेच बघतात, १२० मिमी आहे ना मग १५० टाकू, मजा येईल! नाही येत. फोर्क साधारण २० मिमीने लांब झाला की हेड अँगल (फ्रेमच्या पुढच्या नळीचा, म्हणजे हेडट्यूबचा कल) जवळपास १ डिग्रीने पडतो, हँडल वर जातं, चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं आणि हेडट्यूबवर जोर वाढतो तो वेगळाच, म्हणून फ्रेमवाल्या कंपनीने दिलेली मर्यादा शोधा, नाहीच सापडली तर मूळ ट्रॅव्हलच्या १०-२० मिमी वर, बास.

पण त्याआधी फोर्क बसतो का ते बघा ना. टेपर्ड स्टीअरर (फोर्कची हेडट्यूबमध्ये जाणारी, खाली रुंद होणारी नळी) खाली १.५ इंचाचा असतो, जुन्या सरळ हेडट्यूबमध्ये तो जात नाही, आतून ४४ मिमीवाली असेल तर खाली बेअरिंगचा बाहेरचा कप लावून जमतं. मग हब, म्हणजे चाकाचा मधला भाग. बूस्ट (रुंद हबवाल्या) फोर्कला १५×११० मिमीचा (अ‍ॅक्सलची जाडी × हबची रुंदी) लागतो, तुमचं चाक १०० वालं असेल तर नव्या हबचा, कधीकधी अख्ख्या चाकाचा खर्च धरा, बजेट इथेच कोलमडतं.

सेकंडहँड मिळतोय? स्टीअरर किती कापलाय, तुमच्या फ्रेमला पुरतो का ते टेप लावून मोजा, आणि स्टँशनवर (फोर्कच्या आत-बाहेर सरकणाऱ्या गुळगुळीत नळीवर) नख अडकेल असा ओरखडा दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

माझं मत विचाराल तर एअर (हवेच्या स्प्रिंगचा) फोर्कच घ्या, आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते, फक्त शॉक पंप वेगळा लागतो, टायरचा नाही चालत. सॅग (सायकलवर बसल्यावर आपल्या वजनाने फोर्क किती दबतो ते) ट्रॅव्हलच्या २०-२५ टक्क्यांपासून सुरू करा.