माहिती पारखायला शिकवणारा अभ्यासक्रम कसा आखावा

या कामासाठी वेगळा तास ठेवू नका. शुक्रवारच्या तासाला शिकलेली पारख सोमवारी विज्ञानाच्या वर्गात आठवत नाही. असलेल्याच विषयांत पंधरवड्याला एक दावा घ्या, वीस मिनिटे पुरतात. वर्षभराचे दावे विषयशिक्षकांबरोबर आधीच ठरवा.

पहिल्या सत्रात एकच सवय लावा. अनोळखी संकेतस्थळ उघडले की तिथेच वाचत बसायचे नाही. बाहेर पडून त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघायचे. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थ्यांना संकेतस्थळे तपासायला दिली. देखण्या मांडणीला विद्यार्थ्यांबरोबर इतिहासकारही भुलले. तथ्यतपासनीसांनी मात्र लगेच नवे टॅब उघडले. त्यामुळे 'लेखकाचे नाव आहे का, तारीख आहे का' अशा याद्या वर्गात वाटू नका. फसवणाऱ्यालाही त्या पुऱ्या करता येतात.

खरी अडचण उदाहरणे निवडताना येते आणि मी तिथेच चुकलो. दोन वर्षे मी फक्त खोटे मजकूर आणत होतो. मुले पटापट पकडायची, मला समाधान वाटायचे. एकदा सहज विचारले, ऑक्टोपसला तीन हृदये असतात, हे खरे का? अख्खा वर्ग म्हणाला, "खोटं!" खरे तर ते खरे आहे, पण कोणीही शोधून पाहिले नव्हते. या तासाला उत्तर नेहमी 'खोटं'च असते, एवढेच ती शिकली होती. सगळ्यावर अविश्वास ठेवणारे मूल भाबड्या मुलाइतकेच असहाय असते, कारण दोघेही तपासत नाहीत.

म्हणून निम्मे दावे खरे ठेवा, तेही पटायला अवघड असे. शुक्राचा स्वतःभोवतीचा एक फेरा सुमारे २४३ दिवसांचा, सूर्याभोवतीचा २२५ दिवसांचा. खोटे दावे मात्र ओळखीचे निवडा: चीनची भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे कित्येक मोठी माणसेही ठामपणे सांगतात. खऱ्यावर विश्वास ठेवल्याबद्दलही गुण द्या. 'अजून ठरवता येत नाही' हे उत्तर चालेल, पण काय मिळाले तर ठरवता येईल ते लिहिले तरच. नाहीतर आळशी मुले त्याच्याआड लपतात.

घरोघरी वाद असलेले विषय पहिल्या वर्षी नकोत. तिथे मूल पुरावा तपासत नाही, आईवडिलांची बाजू राखते.

परीक्षा इंटरनेट उघडे ठेवूनच घ्या आणि गुण निष्कर्षाइतकेच शोधाच्या नोंदीला द्या: कुठे गेलो, काय सापडले, मत कुठे बदलले.