मेंदूच्या जोडणीतील स्त्री-पुरुष फरकाचा शोधनिबंध कसा वाचावा

इंदूरच्या रामबागेतील एका मावशींनी मला मोबाइलवरची बातमी दाखवली: 'स्किझोफ्रेनियात बायकांचा मेंदू वेगळा जोडलेला.' त्यांच्या लेकीला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) आहे; तिचा एमआरआय पुन्हा काढावा का, असे त्यांनी विचारले.

अशा बातमीमागचा शोधनिबंध वाचताना आधी मोजले काय ते पाहावे. विश्रांत अवस्थेतील एफएमआरआयमध्ये (माणूस काही न करता पडून असताना मेंदूच्या रक्तातील बदल टिपणारा स्कॅन) मज्जातंतू दिसत नाहीत. मेंदूच्या दोन भागांतील रक्ताच्या ऑक्सिजनचे चढउतार किती एकत्र होतात, एवढाच आकडा मिळतो; त्यालाच 'जोडणी' म्हणतात, आणि डोके मिलिमीटरभर हलले तरी तो बिघडू शकतो. म्हणून हालचालीची दुरुस्ती केली आहे का, हे तपासावे.

मग गट पाहावेत. पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या सुरुवातीला, स्त्रियांत काही वर्षे उशिरा सुरू होतो, शिवाय पंचेचाळिशीनंतर स्त्रियांत लहानसा दुसरा चढ दिसतो. त्यामुळे वय, आजाराची वर्षे व औषधांची मात्रा विचारात न घेता केलेली तुलना मला अर्धवट वाटते. निरोगी स्त्री-पुरुषांचे गटही हवेतच, कारण तोच फरक त्यांच्यातही आढळला तर तो आजाराचा म्हणता येत नाही. निदान आणि लिंग यांची परस्परक्रिया, म्हणजे आजारामुळे पडणारा फरक स्त्री-पुरुषांत खरोखर वेगळा आहे का, हे थेट तपासले आहे का, ते शोधावे. 'फक्त पुरुषांत फरक आढळला' हे वाक्य त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे असतात; एका रुग्णाचे निदान मात्र लक्षणांवरूनच होते. मावशींना मी स्कॅनऐवजी वही सुचवली, लेकीचा त्रास पाळीच्या दिवसांत बदलतो का हे कळावे म्हणून: पाळीच्या तारखा, त्या दिवसांतील झोप, भास, आणि ती डॉक्टरांना दाखवणे.