तलवारबाजीच्या मास्कवर नक्षी रंगवताना

मास्क रंगवायला घेण्यापूर्वी तो कोणत्या शस्त्राचा आहे हे पाहावे, कारण इपी, फॉइल आणि सेबर या तिन्हींना एकच नियम लावता येत नाही. सेबरमध्ये डोके हेही लक्ष्य असते, म्हणजे तिथे वार लागला तरी गुण मिळतो, आणि पाते जाळीला टेकताच गुण नोंदवणाऱ्या यंत्रावरचा दिवा लागला पाहिजे. म्हणून मास्कला जोडलेल्या वायरच्या चिमट्यापासून मास्कवरच्या कोणत्याही बिंदूपर्यंतचा विद्युतरोध ५ ओहमपेक्षा कमी असावा, असा नियम आहे. घरी मारलेला रंग तारेवर विद्युतरोधक थर चढवतो आणि मास्क तपासणीत बाद होतो. ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय तलवारबाज भवानी देवी सेबरच खेळते, त्यामुळे तिच्या कौतुकापोटी सेबरचा मास्क घेऊन रंगवायला बसलेल्या मुलांचा हिरमोड करण्याचे काम मला अधूनमधून करावे लागते. फॉइलच्या मास्कची जाळी लक्ष्यात धरत नाहीत आणि तिच्यावर मुळातच विद्युतरोधक लेप असतो. तो लेप खरवडायचा नाही आणि धातूची भुकटी असलेले सोनेरी-चंदेरी रंग वापरायचे नाहीत, एवढे पथ्य पाळले तर ती रंगवता येते. मात्र हनुवटीखालच्या बिबचा, म्हणजे गळा झाकणाऱ्या कापडी झालरीचा, विद्युतवाहक भाग लक्ष्यात मोडतो, त्यावर शिंतोडाही उडता कामा नये. इपीमध्ये शस्त्राचे टोक दाबले गेले की दिवा लागतो, मास्कमधून वीज वाहण्याची गरजच नसते. त्यामुळे नवशिक्याने इपीच्या मास्कावरच हात बसवावा, आणि पुढचे सारे विवेचन तोच डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

मास्क नवा असो की जुना, रंगापूर्वी त्याची जाळी उजेडात धरून बोटांनी चाचपून पाहावी. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचे मोडलेले पाते आत घुसले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मास्क, कपडे आणि पाती यांचे निकष कडक झाले. आज जाळीची तार किमान १ मिलिमीटर जाडीची आणि दोन तारांमधील अंतर जास्तीत जास्त २.१ मिलिमीटर असावे लागते, आणि तपासणीत ती १२ किलोच्या टोकदार दाबयंत्राने दाबून पाहतात. रंग गंज झाकतो, पोचाही झाकतो, आणि त्यातला खरा धोका हाच आहे. जाळी कुठे दबलेली, सैल झालेली किंवा तांबूस दिसली, तर तो मास्क रंगवण्याच्या लायकीचा नाही. याच कारणासाठी जाळीवर पॉलिश पेपर घासणे, तिला भट्टीत घालून पावडर कोटिंग करून घेणे किंवा ड्रिलने भोक पाडून शिंगे-तुरे बसवणे हे प्रकार सर्वस्वी वर्ज्य मानावेत. शिवाय रंगवलेल्या मास्कवर उत्पादकाची हमी बहुधा लागू राहत नाही, हेही आधीच समजून असावे.

नक्षी ठरवताना वर दिलेल्या दोन आकड्यांचाच उपयोग होतो. एक तार आणि तिच्याशेजारची फट मिळून साधारण ३ मिलिमीटर होतात, म्हणजे एक सेंटिमीटर रुंदीच्या रेघेत जेमतेम तीन तारा येतात. वारली चित्रातली काडीसारखी माणसे कागदावर कितीही देखणी दिसली तरी जाळीवर ती तुटक ठिपक्यांत विरघळून जातात. मी हा प्रयोग दोनदा केला आणि दोन्ही वेळा पुसून टाकला. सामना सुरू होताना प्रतिस्पर्धी एकमेकांपासून चार मीटरवर उभे असतात आणि प्रेक्षक त्याहून पुष्कळ लांब असतात, त्यामुळे किमान दीड सेंटिमीटर रुंदीचे पट्टे, मोठे त्रिकोण, ध्वजाचे सपाट रंग किंवा एखाद्या प्राण्याचा ठसठशीत चेहरा अशाच आकृत्या टिकतात. जाळीचा जवळपास निम्मा भाग म्हणजे रिकामी भोके असल्याने आतला काळोख रंगात मिसळतो आणि प्रत्येक रंग डबीवरच्या नमुन्यापेक्षा गडद दिसतो. म्हणून हवी असलेली छटा एक-दोन पायऱ्या फिकी निवडावी.

तरीही फिका रंग डोळ्यांसमोर मुळीच नको. माझ्या पहिल्या मास्कवर मी हौसेने संपूर्ण चेहरा पांढरा केला होता, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात मास्क घालून उभा राहिलो तेव्हा समोरचा खेळाडू मच्छरदाणीआडून पाहावा तसा धूसर दिसला. पांढरी तार उजेड परावर्तित करते आणि नजर जाळीवरच अडकते, तर काळ्या, चमक नसलेल्या तारेतून ती आरपार जाते. म्हणून भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतची रुंद पट्टी मूळच्या काळ्या रंगातच सोडावी आणि सारी हौस कपाळ, गाल व कानशिलांवर भागवावी.

पूर्वतयारीत घाई करू नये. अस्तर निघत असेल तर काढून ठेवावे, जाळी साबणाच्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने घासून घामाचे क्षार घालवावेत, दिवसभर वाळवावी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून घ्यावी. एन.सी. थिनर चुकूनही वापरू नये, कारण तो जाळीवरचा लेप आणि कडेचे प्लास्टिक दोन्ही विरघळवतो. बिब आणि कडेची पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मास्किंग टेपने बंद करावी. ठरावीक ताकदीचे ते कापड गळ्याचे रक्षण करते, त्याला रंग किंवा रसायन लागू देणे हा निव्वळ अविचार होय.

मास्कचा पृष्ठभाग दोन दिशांनी गोलाकार असल्याने सपाट कागदाचा स्टेन्सिल त्यावर नीट बसत नाही. भाचीच्या मास्कवर वाघाचे पट्टे काढताना मी आधी खडूने जाळीवरच रेघा आखल्या, आरशासमोर तिला तो घालून उभे केले, पट्टे डोळ्यांच्या पट्टीत उतरत नाहीत ना हे पाहिले आणि मगच अरुंद मास्किंग टेपचे लहान लहान तुकडे वळणानुसार चिकटवत कडा बंद केल्या. आकृती गुंतागुंतीची असेल तर गाड्यांवर रेडियमची कामे करणाऱ्या दुकानातून ती चिकट विनाइलमध्ये कापून घ्यावी आणि वळणावर बसवताना तिला जागोजागी चिरा द्याव्यात.

रंगासाठी धातूवर चालणारा चमक नसलेला स्प्रे सर्वांत सोयीचा. मास्कच्या आत वर्तमानपत्राचा बोळा ठेवावा, पण तो जाळीपासून दोन बोटे दूर असावा. कागद जाळीला चिकटला तर रंग मागे अडून भोकांत साचतो. अगदी समोरून मारलेल्या फवाऱ्यातला बराचसा रंग भोकांतून आत निघून जातो, म्हणून डबी २५ ते ३० सेंटिमीटरवर धरून किंचित तिरका फवारा मारावा आणि पुढचा हात विरुद्ध बाजूने द्यावा, नाहीतर पट्टा एका बाजूने केशरी आणि दुसऱ्या बाजूने काळा दिसतो. हात इतका पातळ असावा की पहिल्या वेळी काम झालेच नाही असे वाटावे. डबीवर सांगितलेला वेळ मध्ये सोडून असे तीन-चार हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर मास्क खिडकीकडे धरून पाहावा. एखादे भोक पडद्यासारखे भरलेले दिसले तर रंग ओला असतानाच शीतपेयाच्या नळीने त्यावर जोरात फुंकर मारावी. वाळल्यावर ते टाचणीने उघडावे लागते आणि शेजारचा रंगही निघतो. लहान जागी ब्रशपेक्षा स्पंजचा तुकडा बरा. तो रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपावा आणि तारांच्या उंचवट्यांवर हलके टेकवावा.

हे काम गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत, नाकातोंडाला रंगाच्या वाफा अडवणारा मास्क लावून करावे आणि शक्यतो पावसाळ्यात टाळावे, कारण दमट हवेत रंग चिकट राहतो व त्यावर पांढुरकी झाक येते. टेप रंग पुरता कडक होण्याआधी, स्वतःवरच मागे दुमडत सावकाश काढावी. त्यानंतर आठवडाभर मास्क हवेशीर जागी टांगून ठेवावा. थोडासुद्धा वास येत असेल तर तो चेहऱ्यावर चढवू नये, सरावात धाप लागलेली असताना तीच हवा छातीत भरून घ्यायची असते.

स्पर्धेत हा मास्क वापरायचा असेल तर नक्षीचे रेखाचित्र आधीच आयोजकांना दाखवून परवानगी घ्यावी, आणि वेपन चेकच्या, म्हणजे स्पर्धेआधी होणाऱ्या साहित्याच्या तपासणीच्या वेळी एखादा साधा मास्क पिशवीत असू द्यावा. फटके बसून कपाळावरच्या भागाचे पोपडे सर्वांत आधी निघतात. तिथे स्पंजने एखाद-दुसऱ्या वेळी डागडुजी करायला हरकत नाही. पण थरावर थर चढून भोके बारीक दिसू लागली की थांबावे, आणि पोपड्याखाली गंजाचा ठिपका दिसला तर रंगाला हात न लावता मास्क प्रशिक्षकाला नेऊन दाखवावा.